ॲलर्जीची सुरुवात पाळण्यात

मुलांच्या ॲलर्जीत चार आजार प्रामुख्याने येतात: कातडीवरचे इसब, अन्नाची ॲलर्जी, ॲलर्जिक सर्दी आणि दमा. एकाच मुलाला हे चारही होतील असे नाही, पण होतात तेव्हा त्यांचा क्रम बराचसा ठरलेला असतो. तान्हेपणी गाल लाल आणि खरखरीत होतात, कोपराच्या-गुडघ्याच्या वळ्यांत खाज सुटते. वर्षाच्या आसपास अंडे, दूध किंवा शेंगदाणा पोटात जाताच अंगावर गांधी उठतात. बालवाडीच्या वयात प्रत्येक सर्दी छातीत उतरू लागते आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो. शाळा सुरू झाल्यावर सकाळच्या शिंका मागे लागतात. आठव्या वर्षी दम्याचा पंप वापरू लागलेल्या मुलाच्या आजाराची मुळे म्हणूनच पाळण्यातल्या महिन्यांत, आणि काही अंशी गर्भातल्या महिन्यांत, शोधावी लागतात.

शरीराची प्रतिकारयंत्रणा जन्मतः अननुभवी असते. कोणाशी लढायचे आणि काय मुकाट्याने स्वीकारायचे, हे तिला शिकावे लागते. दूध, अंडे, परागकण, मांजराच्या अंगावरचा कोंडा, धुळीतले माइट हे सूक्ष्म प्राणी यांपैकी कोणीच रोगजंतू नाही. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे हेच शहाणपण. बहुतेक मुलांची यंत्रणा पहिल्या दोन-तीन वर्षांत ते शिकते. ज्यांच्यात हे शिक्षण चुकते, त्यांचे शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमधील उप्साला येथे काम करणाऱ्या संशोधकांनी या प्रतिपिंडांचा स्वतंत्रपणे शोध लावला. आयजीई विशिष्ट पेशींवर ठाण मांडून बसते आणि तो पदार्थ पुन्हा आला की त्या पेशींतून हिस्टामिन व इतर रसायने बाहेर पडतात. खाज, गांधी, शिंका, श्वासनळीचे आकुंचन हे सगळे त्यातून घडते.

हे शिक्षण कोणाचे चुकते? आईवडिलांपैकी कोणालाच ॲलर्जी नसेल तरीही काही मुलांना ती होतेच. एकाला असेल तर शक्यता वाढते आणि दोघांना असेल तर ती आणखी बरीच वाढते. मात्र ॲलर्जीचा एकच एक जनुक नाही. लहान वयात सुरू होणाऱ्या दम्याशी सतराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याचा संबंध २००७ मध्ये सापडला. त्याच्या आदल्या वर्षी स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवले, की कातडीचा बाहेरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाचा जनुक सदोष असलेल्यांना इसब होण्याचा धोका बराच जास्त असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत दर दहांपैकी सुमारे एकाकडे असा सदोष जनुक असतो. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेक देशांत मुलांची ॲलर्जी झपाट्याने वाढली, आणि एवढ्या अवधीत माणसाचे जनुक बदलत नाहीत. बदलले ते घर, जेवण, हवा, बाळंतपणाची पद्धत आणि मुलांच्या आसपासचे जीवजंतू. जोखमीचे घटक शोधायचे ते इथे.

या शोधाला वळण मिळाले ते एका साध्या निरीक्षणाने. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने मार्च १९५८ च्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडे जास्त, त्यांना परागकणांची सर्दी कमी, असे त्यांना आढळले. मोठी भावंडे शाळेतून सर्दी-पडसे घरी आणतात, त्या लहानसहान संसर्गांनी धाकट्याची प्रतिकारयंत्रणा सुधारते, असा त्यांनी अंदाज मांडला. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली आणि म्युनिकच्या बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन म्युटियस यांना दोन जर्मनींची तुलना करता आली. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या पूर्वेकडच्या शहरांत दमा आणि ॲलर्जी जास्त असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथल्या मुलांना ब्राँकायटिस जास्त होता, ॲलर्जी मात्र पश्चिमेपेक्षा कमी. एकीकरणानंतर पूर्वेतली राहणी पश्चिमेसारखी होऊ लागली, तशी लाइपझिगच्या मुलांतली परागकणांची सर्दी चारेक वर्षांत दुपटीहून वाढली.

या प्रश्नाचा सर्वांत सुंदर उलगडा गोठ्यांनी केला. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि बव्हेरियातल्या खेड्यांचा अभ्यास झाला तेव्हा एकाच गावातल्या मुलांत शेतकऱ्यांच्या मुलांना ॲलर्जी आणि दमा कमी दिसला. गावाची हवा दोघांनाही सारखीच. फरक होता गाईगुरांच्या सहवासाचा. त्यातही जी मुले पहिल्या वर्षातच गोठ्यात वावरली, ज्यांच्या आया गरोदरपणी गोठ्यात काम करत होत्या, त्यांना हा लाभ अधिक मिळाला होता. पुढे या मुलांच्या गाद्यांवरची आणि घरातली धूळ तपासली गेली. जितके जिवाणूंचे आणि बुरशींचे प्रकार जास्त, तितका दम्याचा धोका कमी, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

त्याहून नेमका पुरावा अमेरिकेतून आला. इंडियानातले आमिष आणि साउथ डकोटातले हटेराइट हे दोन्ही आल्प्सच्या परिसरातून आलेले, वांशिकदृष्ट्या जवळचे ख्रिस्ती शेतकरी समाज. दोघांच्याही घरी दूरदर्शन नाही, कुटुंबे मोठी, बाळांना अंगावरचे दूध. फरक शेतीच्या पद्धतीत. आमिष कुटुंबे घराला लागून घोडे आणि गाई ठेवतात, मुले गोठ्यात खेळतात. हटेराइटांची शेती यंत्रांची आणि सामूहिक, गोठे घरांपासून दूर आणि लहान मुलांचे तिकडे जाणे नाही. आमिष शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण ५.२ टक्के, तर हटेराइट मुलांत २१.३ टक्के. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्हीकडच्या घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घालून पाहिली. आमिष धुळीने उंदरांना कृत्रिमरीत्या आणलेल्या दम्यापासून वाचवले, हटेराइट धुळीने वाचवले नाही. आमिष धुळीत जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन जवळपास सातपट होते.

या निष्कर्षांचा भलता अर्थ काढू नये. घाण पाणी, जुलाब आणि गोवर यांनी कोणाचीही प्रतिकारशक्ती सुधारत नाही. त्यांनी मुले दगावतात. लसींमुळे ॲलर्जी होते याला पुरावा नाही. उपयोगी ठरतात ते रोग न पसरवणारे नाना प्रकारचे जीवजंतू, आणि तेही अगदी लहान वयात भेटलेले. या अभ्यासांत न तापवलेले दूध पिणाऱ्या मुलांत ॲलर्जी कमी दिसली म्हणून कच्चे दूध पाजणे हा तर सरळ धोका आहे. त्यातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू बाळाच्या पोटात जाऊ शकतात. आपल्याकडची दूध उकळून घेण्याची सवय सोडण्याचे काहीच कारण नाही.

या उपयोगी जंतूंची सर्वांत मोठी वसाहत म्हणजे बाळाचे आतडे. योनिमार्गातून जन्मताना बाळाला आईचे जंतू मिळतात, सिझेरियनमध्ये सुरुवातीला कातडीवरचे आणि रुग्णालयातले जंतू अधिक मिळतात. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत दमा सुमारे वीस टक्क्यांनी जास्त आढळतो. म्हणजे शंभरात पाच मुलांना होणारा आजार सहा मुलांना होईल, इतका हा फरक. आईचा किंवा बाळाचा जीव धोक्यात असताना या आकड्याचा विचारही करू नये. गरज नसताना, मुहूर्त साधण्यासाठी किंवा सोयीसाठी केलेल्या सिझेरियनच्या बाबतीत मात्र त्याचा विचार व्हायला हवा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पाचांपैकी एकाहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने होतात.

पहिल्या वर्षातल्या प्रतिजैविकांचेही तसेच: तीही आतड्यातल्या याच जंतूंवर घाला घालतात. कॅनडात सव्वातीनशेच्या आसपास बाळांची शी तपासली, तेव्हा पुढे दम्याच्या वाटेला लागलेल्या बाळांच्या आतड्यात तिसऱ्या महिन्यात चार प्रकारचे जिवाणू कमी होते. वर्षाचे होईपर्यंत हा फरक बराचसा पुसला गेला होता. म्हणजे निर्णायक काळ पहिल्या शंभर दिवसांचा. त्याच देशातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्या बाळांना दिली जाणारी प्रतिजैविके कमी झाली आणि एक ते चार वर्षांच्या मुलांतला नवा दमा २६ टक्क्यांनी घटला. इथे एक सावधगिरी हवी. ज्या बाळाला वारंवार घरघर लागते त्यालाच प्रतिजैविके वारंवार मिळतात, त्यामुळे कधी दमा आधी असतो आणि औषध नंतर. तरीही साध्या विषाणूजन्य सर्दीला प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, आणि मागच्या वेळच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून ते आणून बाळाला पाजणे दोन्ही अंगांनी तोट्याचे आहे.

अन्नाच्या ॲलर्जीची कहाणी वैद्यकशास्त्राला आपला सल्ला उलटा फिरवायला लावणारी ठरली. ज्याने ॲलर्जी होते ते बाळापासून दूर ठेवावे, हा तर्क इतका सरळ वाटे, की २००० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने धोका असलेल्या मुलांना दोन वर्षांपर्यंत अंडे आणि तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा, सुकामेवा व मासे देऊ नयेत असे सांगितले. त्यानंतरही शेंगदाण्याची ॲलर्जी वाढतच राहिली. २००८ मध्ये गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश एकच, पण ब्रिटनमध्ये १.८५ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी, तर इस्राएलमध्ये ०.१७ टक्के. इस्राएलमधली बाळे सातव्या-आठव्या महिन्यापासून तोंडात विरघळणारा शेंगदाण्याचा कुरमुरीत खाऊ खात होती.

मग खरी परीक्षा झाली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आठवड्यातून किमान तीनदा शेंगदाण्याचे पदार्थ दिले, दुसऱ्याला पाच वर्षे शेंगदाणा वर्ज्य. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभरचे सल्ले बदलले. तीच मुले तेरा वर्षांची झाल्यावर, मधल्या काळात त्यांनी मनाप्रमाणे खाल्ले-टाळले असूनही, फरक टिकून होता: १५.४ टक्के विरुद्ध ४.४ टक्के.

खाण्याने शेंगदाणा ओळखीचा होतो, मग टाळणाऱ्या मुलांना त्याची ॲलर्जी होतेच कशी? उत्तर कातडीत सापडले. आतड्यातून आलेले प्रथिन प्रतिकारयंत्रणेला सहसा मान्य होते. तेच प्रथिन फाटक्या, सुजलेल्या कातडीतून शिरले की शत्रू ठरते. घरातल्या धुळीत आणि मोठ्यांच्या हातांवर शेंगदाण्याचे कण असतातच. लॅक यांच्याच २००३ मधल्या अभ्यासात, पुरळावर शेंगदाणा तेल असलेली मलमे लावलेल्या बाळांत ही ॲलर्जी जास्त दिसली होती. मेलबर्नच्या मोठ्या पाहणीत इसब असलेल्या बाळांना वर्षाच्या आत शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याची शक्यता इतरांच्या अकरापट निघाली. म्हणून तान्हेपणचे, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत सुरू झालेले तीव्र इसब हा अन्नाच्या ॲलर्जीचा सर्वांत ठळक इशारा मानला जातो.

मराठी घरांत याचा संबंध बाळाच्या न्हाऊमाखूशी येतो. तेल चोळून मग डाळीचे पीठ, साय, हळद लावून अंग घासण्याची रीत अजून आहे. निरोगी कातडीला ती सोसत असेल. पण इसबाने सोलवटलेल्या अंगावर डाळीचे, दुधाचे किंवा बदामाचे प्रथिन रगडणे, वरच्या साऱ्या पुराव्यापुढे शहाणपणाचे नाही. तेलांतही फरक आहे. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल कातडीचा थर ढिला करते, सूर्यफुलाचे तुलनेने बरे, असे प्रयोगांत दिसले आहे. मलम लावून इसबच टाळता येईल ही आशा मात्र फोल ठरली: ब्रिटनमध्ये जवळपास चौदाशे बाळांवर वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावून पाहिले, इसबाचे प्रमाण घटले नाही. झालेल्या इसबावर वेळेवर उपचार करणे मात्र हातात आहे.

शेंगदाण्याचे कूट आपल्या आमटीत, खिचडीत, कोशिंबिरीत रोज असते, आणि कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत अन्नाची संभाव्य ॲलर्जी अवघी ०.१४ टक्के निघाली होती. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध आणि मग उष्टावण ही आपली रीत नव्या सल्ल्याशी जुळते, अट एवढीच, की उष्टावणीनंतर महिनोन्‌महिने पेज आणि वरणाच्या पाण्यावरच थांबू नये. खिमटात वस्त्रगाळ कूट, नीट उकडलेले अंडे, घरात चालत असेल तर मासा, हे पहिल्या वर्षातच यावे. आख्खा दाणा मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा काढण्यासाठी आपल्या रुग्णालयांत मुले नेहमी येतात. तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिल्यांदा शेंगदाणा किंवा अंडे देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

अंगावरच्या दुधाबद्दल आई-आज्यांचा विश्वास मोठा आहे, आणि संसर्गांच्या बाबतीत तो सर्वस्वी खरा आहे. ॲलर्जीच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. बेलारूसमध्ये सतरा हजार माय-लेकरांवर झालेल्या प्रयोगात, स्तनपानाला अधिक उत्तेजन मिळालेल्या गटात पहिल्या वर्षातले इसब जवळपास निम्म्यावर आले. साडेसहाव्या वर्षीच्या दम्यात आणि ॲलर्जीत फरक दिसला नाही. मुलाला ॲलर्जी झाली म्हणून आईच्या दुधाला किंवा गरोदरपणी तिने खाल्लेल्या पदार्थाला बोल लावणे अन्यायाचे आहे. गरोदर बाईने दूध, अंडी, दाणे वर्ज्य केल्याने बाळाची ॲलर्जी टळते याला आधार नाही. आहारातून लाभ दिसला तो भर घालून: कोपनहेगनमध्ये शेवटच्या तिमाहीत माशाच्या तेलाची मोठी मात्रा घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांत सतत घरघर किंवा दमा २३.७ टक्क्यांवरून १६.९ टक्क्यांवर आला, आणि ज्यांच्या रक्तात माशाच्या तेलातली मेदाम्ले मुळात कमी होती त्यांना फायदा अधिक झाला.

दम्याच्या बाबतीत श्वसनाचे विषाणू आणि धूर हे दोन घटक पुढे येतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये जन्मापासून पाहिलेल्या मुलांत, पहिल्या तीन वर्षांत साध्या सर्दीच्या रायनोविषाणूने छाती भरलेल्यांना सहाव्या वर्षी दमा होण्याची शक्यता सुमारे दहापट निघाली. विषाणू दमा घडवतो की आधीच नाजूक असलेली श्वासनळी उघडी पाडतो, यावर मतभेद आहेत. आधी ॲलर्जी जडलेल्या मुलालाच हा विषाणू जास्त त्रास देतो, असा पुरावा दुसऱ्या बाजूला झुकतो.

धुराबद्दल मतभेद नाहीत. गर्भातच धूर लागलेल्या बाळांची फुप्फुसे जन्मतःच कमी क्षमतेची असतात. स्कॉटलंडमध्ये मुलांचे दम्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वर्षाला ५.२ टक्क्यांनी वाढत होते. मार्च २००६ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंदी आली आणि ते वर्षाला १८.२ टक्क्यांनी घटू लागले. आपल्याकडे बायका सिगारेट क्वचित ओढतात, पण मिसरी लावतात. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्या वा लावणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या बाळांत घरघर जास्त असते. शिवाय चुलीचा धूर, उदबत्ती आणि मच्छर कॉइल आहेतच. एक कॉइल जळून संपते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ मधल्या एका मोजणीत आढळले. पाळण्याला मच्छरदाणी लावणे त्याहून कितीतरी चांगले. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची प्रथा मायेपोटी आली आहे, तरी बंद खोलीतला निखाऱ्यांचा धूर तान्ह्या श्वासनळीला अपायच करतो. ही प्रथा निःसंकोच सोडावी.

एवढे सगळे घटक एकत्र असले तरी घरघर लागणारे प्रत्येक बाळ दमेकरी होत नाही. ॲरिझोनातील टक्सन येथे आठशेहून अधिक मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवले, तेव्हा सहा वर्षांचे होईपर्यंत जवळपास निम्म्यांना कधी ना कधी घरघर लागली होती. पहिल्या तीन वर्षांत लागलेल्यांपैकी दहातल्या सहाजणांची सहाव्या वर्षापर्यंत पूर्ण थांबली. या मुलांची श्वासनळी जन्मतः अरुंद होती आणि त्यांच्या आया धूम्रपान करणाऱ्या असण्याचे प्रमाण जास्त होते. ॲलर्जीशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. ज्यांची घरघर टिकली त्यांच्यात मात्र आईला दमा असण्याचे आणि रक्तातले आयजीई वाढलेले असण्याचे प्रमाण अधिक होते. याच मुलांच्या माहितीवरून २००० मध्ये एक निकष तयार झाला, तो डॉक्टर आजही वापरतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला वारंवार घरघर लागत असेल आणि आईवडिलांपैकी कोणाला दमा किंवा स्वतः मुलाला इसब असेल, तर दमा टिकण्याचा धोका जास्त धरतात. यांपैकी काही नसले, तरी सर्दी नसतानाही लागणारी घरघर, ॲलर्जिक सर्दी आणि रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी यांतली दोन लक्षणे असली, तरी तसेच समजतात. अशा मुलाला पंपाची सवय लागेल या भीतीने उपचार लांबवू नयेत. श्वासातून घेतलेल्या औषधाची मात्रा पोटातून दिलेल्या औषधाच्या मानाने फार थोडी असते आणि सवय लागत नाही.